पाळण्यावर कोणतं नाव

पाळणा अंगणातल्या बसायच्या तख्ताशेजारी आणून ठेवला तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि कुणी कुणाशी अजून भांडलेलं नव्हतं. कोबिल अकाच्या, म्हणजे कोबिलदादाच्या, घरी सगळे जमल्यावर एवढा वेळ शांतता टिकणं म्हणजे मोठीच गोष्ट. त्याचं श्रेय धाकट्या भावाच्या, हमदमच्या बायकोला, मुकद्दसला द्यायला हवं. तिने तंदूरमधून नुकतेच काढलेले सामोसे सगळ्यांपुढे ठेवले होते, आणि आत वाफ कोंडलेला सामोसा तोंडात असताना माणसाला वाद घालता येत नाही.

पाळणा देखणा झाला होता. हमदमची मुलगी दिलरबो ताश्कंदला दिलेली. तिला मुलगा होऊन चाळीस दिवस होत आले होते. उद्या तिथे त्याला पहिल्यांदा पाळण्यात घालायचं. पाळणा न्यायचा तो आईच्या माहेरच्यांनी, आणि माहेर जर मर्गिलानच्या पाळणेवाल्यांचं असेल तर सासरची माणसं चष्मे पुसूनच बघायला बसणार. तुतीच्या लाकडाची चौकट कोबिल अकाने स्वतः जोडली होती. दांडे त्याच्या मुलाने, इल्होमने, कातले होते. आणि रंग खोसियत आपाचे. दोन्ही भावांची ही थोरली बहीण चौऱ्याहत्तर वर्षांची, एका डोळ्याने अधू. पण लाल फुलाची कड पिवळ्या कडेत शिरलेली तिच्या हातून अजून कुणी पाहिली नव्हती.

डोक्याकडच्या फळीवर तिने एक तळहाताएवढी जागा कोरी ठेवली होती. भांडणाला तेवढी जागा पुरेशी होती.

"बोल, सूनबाई," कोबिल अका हात पुसत म्हणाला. "काय लिहायचंय तिथे?"

इल्होमची बायको ओयगुल शाळेत मुलांना कॉम्प्युटर शिकवायची. महिनाभर खपून तिने घरच्या पाळण्यांची वेबसाइट तयार केली होती. फोटो झाले, मापं लिहून झाली, पाळणा कुठल्या गावाला किती दिवसांत पोचेल तेही लिहून झालं. राहिला होता तो वेबसाइटचा पत्ता, म्हणजे डोमेन, म्हणजे नाव. उद्या ताश्कंदला दोनशे बायका या पाळण्याचे फोटो काढणार, ते फोटो आणखी कुणाकुणाला जाणार. फळीवर पत्ता असला तर काम झालंच. गाडी दोन वाजता निघायची होती. त्याआधी नाव ठरवायचं, ते आपल्या नावावर नोंदवायचं आणि आपाच्या कुंचल्याने उतरवायचं.

ओयगुलला घाई असण्याचं आणखी एक कारण होतं, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. वर्कशॉपमध्ये तयार पाळणे एकावर एक चढत चालले होते. तिच्या नवऱ्याने रशियात कझानला बांधकामावर जायचं एका मित्राशी बोलून ठेवलं होतं, द्राक्षं उतरली की. तिला त्याने सांगितलं नव्हतं. तिने फोनवरचं ऐकलं होतं.

"ठरवायचं काय त्यात?" कोबिल अका म्हणाला. "नाव आहेच. उस्ता निझोमिद्दीन आणि मुलगे. पन्नास वर्षं वर्कशॉपच्या दारावर तेच लिहिलंय."

"ओताजान, फार सुंदर नाव आहे," ओयगुल म्हणाली आणि सासऱ्याचा पियाला भरू लागली. सासऱ्याचं म्हणणं खोडायचं असलं की सुनेच्या हातात चहाची किटली असलेली बरी. "पण इंटरनेटच्या पत्त्यात आपल्या रोमन अक्षरांवरच्या खुणा चालत नाहीत. नुसती अक्षरं लागतात."

"मग खुणा काढ. आपल्या लोकांना कळतं."

"कळतं, ओताजान. पण आपल्या 'मुलगे' शब्दात दोन खुणा आहेत. त्या काढल्या की..." ती थांबली. किटली खाली ठेवली. "उघिल की ओघिल, ते कळत नाही."

हमदमला सर्वांत आधी उमगलं. सामोसा घशात अडकला तरी तो हसायचा थांबेना. उघिल म्हणजे मुलगा. ओघिल म्हणजे गोठा.

"उस्ता निझोमिद्दीन आणि गोठे!" तो डोळे पुसत म्हणाला. "अका, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही मोठा गोठा, मी लहान."

"हसतोस काय? वडिलांचं नाव आहे ते."

"वडिलांना कोण हसतंय? मी गोठ्यांना हसतोय."

खोसियत आपा कुंचला धुत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुमचं चालू द्या. मला तर गोठ्यातही जागा नाही. साठ वर्षं रंग देतेय, दारावर मुलगे तेवढे."

कोबिल अकाने घसा साफ केला. "बरं, मुलगे राहू देत. नुसतं उस्ता निझोमिद्दीन लिही."

"पण कसं लिहू, ओताजान?" ओयगुलने मदतीसाठी नवऱ्याकडे पाहिलं. इल्होम तोंडाने फारसा बोलणारा माणूस नव्हता. तो उठला, आतून पासपोर्ट घेऊन आला आणि बापाच्या पासपोर्टशेजारी आपला उघडून ठेवला. तिसरा हमदमने खिशातून काढला, उद्याच्या प्रवासासाठी बरोबर घेतलेला. एकाच माणसाचे हे वंशज. अकाच्या पासपोर्टवर रशियन पद्धतीने निझामिद्दीनोव होतं, हमदमच्या निझोमिद्दीनोव, आणि इल्होमच्या पासपोर्टवर कुणा कारकुनाने एक द वाचवलेला.

"आपल्यालाच ते तीन तऱ्हांनी लिहिता येतं," इल्होम म्हणाला. "गिऱ्हाइकाला चौथी सापडेल."

"म्हणून मी म्हणतो, वडिलांना स्वस्थ राहू द्या," हमदम पुढे सरकला. तो बाजारातल्या दुकानात बसणारा माणूस. त्याचं बोलणं नेहमी गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात ठेवल्यासारखं. "लोकांना काय हवं? पाळणा. कसा हवा? सोन्यासारखा. ओल्तिन बेशिक! सोन्याचा पाळणा. खुणा नाहीत, गोठे नाहीत."

ओयगुलने फोनवर पाहिलं आणि चुलत सासऱ्याला म्हणाली, "अमाकी, ते कुणीतरी घेतलंय. ताश्कंदचं दुकान आहे. प्लास्टिकचे पाळणे विकतात."

"मग मध्ये रेघ टाक. ओल्तिन, रेघ, बेशिक."

"ती रेघ फोनवर कशी सांगणार?"

"सांगायचं, ओल्तिन, मग रेघ..."

"मी असते तर 'रेघ' असं अक्षरांत लिहिलं असतं," आपा म्हणाली.

"किंवा रेघ विसरले असते," ओयगुल हळूच म्हणाली, "आणि प्लास्टिकवाल्याकडे पोचले असते. म्हणजे अमाकी, आपण ओरडायचं आणि गिऱ्हाईक त्यांच्याकडे."

कोबिल अकाच्या चेहऱ्यावर सकाळपासूनचं पहिलं समाधान दिसलं. गोठ्यांची भरपाई झाली होती. तो आणखी एक सामोसा उचलणार तेवढ्यात त्याचं लक्ष मुकद्दसकडे गेलं. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि नवरा तिच्याकडे बघायचं टाळत होता.

"सांगून टाका," मुकद्दस म्हणाली.

"काय सांगू?"

"तुम्ही सांगताय की मी?"

मुकद्दसला लग्न होऊन या घरात तेहतीस वर्षं झाली होती. त्यात तिने नवऱ्याची बाजू सोडली असे प्रसंग दोन. हा तिसरा. तिने एप्रनच्या खिशातून एक गुळगुळीत कार्ड काढलं आणि मोठ्या दिरासमोर तख्तावर ठेवलं. उद्या ताश्कंदला हमदम अशी दोनशे कार्डं वाटणार होता, आणि तिथे व्याह्यांच्या अंगणात तमाशा होण्यापेक्षा तो इथेच झालेला बरा, असा तिचा हिशेब.

कोबिल अकाने कार्ड हात लांब करून वाचलं. वर पाळण्याचा फोटो. खाली ओल्तिन, रेघ, बेशिक असा पत्ता. त्याखाली हमदमचं नाव, हमदमचा फोन. कोबिल हे नाव कुठे नव्हतं. मागच्या बाजूलाही नव्हतं. त्याने उलटून पाहिलं.

"हा फोटोतला पाळणा कुणी केलाय?"

"अका, ते नुसतं..."

"कुणी केलाय म्हणतो."

"तुम्ही. तुम्हीच केलाय. पण केलेले पाळणे विकायला कुणीतरी लागतं ना? तुम्ही एकदा तरी बाजारात बसलात? दोन महिने मी तुम्हाला म्हणतोय नाव ठरवा, नाव ठरवा. तुम्ही म्हणता, बघू. मी फोनच्या दुकानातल्या मुलाकडून करून घेतलं. चुकलं माझं."

"चुकलं नाही. छान झालं." कोबिल अका उठला, पाळण्याजवळ गेला आणि त्याच्या वरच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "तू ने तुझा सोन्याचा पाळणा. हा इथेच राहील."

मुकद्दसचा चेहरा पांढरा पडला. उद्या दोनशे बायकांसमोर दिलरबोच्या माहेरून गाद्या येणार, नान येणार, मिठाया येणार आणि पाळणा नाही! तमाशा इथेच झालेला बरा, असं म्हणणाऱ्या स्वतःच्या शहाणपणाला तिने मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. हमदमने तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत त्याचा फोन वाजला.

फोन गाडीवाल्या तुर्गुनचा होता. हमदमचे हात तुपाने माखलेले. त्याने बोटाच्या पेराने स्पीकर चालू केला.

"अका, अर्धा तास झाला फिरतोय," तुर्गुन रिश्तान गावचा, या गल्ल्यांत पहिल्यांदाच आलेला. "निझोमिद्दीन उस्ताचं घर कुणालाच माहीत नाही हो."

"माहीत नाही कसं? पाळणेवाले म्हणून विचार."

"थांबा, इथे चहाच्या दुकानात विचारतो. फोन ठेवू नका."

अंगणात सगळ्यांना ऐकू येत होतं. पियाल्यांचा आवाज, कुणाचं तरी खोकणं, तुर्गुनचा प्रश्न. मग एक म्हातारा, मोकळा आवाज:

"निझोमिद्दीन? कोण निझोमिद्दीन? पाळणेवाला? अरे बाबा, उयकुचीचं घर म्हण की! दुसरी गल्ली, निळं दार. उयकुचीचं घर आंधळाही दाखवेल तुला."

फोन बंद झाला.

उयकुची म्हणजे झोपाळू. या घरातल्या मुलांना तीन गोष्टी बोलायला शिकण्याबरोबरच शिकवल्या जात: नान पालथा ठेवायचा नाही, थोरल्यांच्या आधी ताटात हात घालायचा नाही, आणि आजोबा असोत की पणजोबा, निझोमिद्दीन उस्ताला बाहेर लोक काय म्हणतात ते दाराच्या आत म्हणायचं नाही. पन्नास वर्षांत हा शब्द या अंगणात कुणी काढला नव्हता. आज तो स्पीकरवर आला.

तीन मिनिटांत निळं दार उघडून तुर्गुन आत आला. सलाम करून, हातपाय धुऊन तख्ताच्या कडेला टेकला आणि सामोसा उचलत म्हणाला, "अका, आधीच उयकुची म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? माझं पेट्रोल वाचलं असतं."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. त्याला वाटलं सामोसा घेण्यात काही चुकलं. त्याने तो परत ठेवला.

ओयगुलचा अंगठा मात्र एप्रनच्या आड फोनवर चालू होता. रोमन लिपीत सात अक्षरं. एकही खूण नाही. मोठ्याने म्हटलं की जसं ऐकू येईल तसंच लिहायचं. आणि पाळण्यासाठी याहून चांगला शब्द तिला महिनाभरात सुचला नव्हता. तिने शोधून पाहिलं. मोकळं होतं. तिने फोन गाद्यांच्या ढिगामागे इल्होमला दाखवला. त्याने मान हलवली: नको. ती तशीच बघत राहिली. त्याने पुन्हा मान हलवली, पण आधीपेक्षा कमी.

मग इल्होम बोलला. "ओताजान, ते नाव मोकळं आहे."

"कुठलं नाव?"

"आत्ता ऐकलंत ते."

कोबिल अकाने मुलाकडे असं पाहिलं की तुर्गुनने दुसरा हातही मागे घेतला. "माझ्या बापाची टिंगल मी जगाला वाचायला देऊ? ज्या पाळण्यात लेकरू झोपायचं त्याच्यावर?"

"लेकरू झोपायचं म्हणूनच," मुकद्दस पुटपुटली. तिला आता कुठलंही नाव चाललं असतं, पाळणा गाडीत चढला म्हणजे झालं.

"ठीक आहे," इल्होम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "मग द्राक्षं उतरल्यावर मी कझानला जातो. तिथे मला कुणी उयकुची म्हणणार नाही. निझोमिद्दीनोव म्हणतील. एक द कमी असलेला."

ओयगुलने मान खाली घातली. हे तिला माहीत होतं. पण बापासमोर, काकासमोर, गाडीवाल्यासमोर तो हे बोलून दाखवेल असं तिला वाटलं नव्हतं. कोबिल अकाचा हात पाळण्याच्या दांड्यावरून खाली आला. मुलाला उत्तर द्यायचं सोडून तो जुन्याच गोष्टीला लागला.

"तुम्हाला कुणालाच ठाऊक नाही. वडील दिवसा रेशमाच्या कारखान्यात जायचे. त्या काळात घरी पाळणे करून विकलेले सरकारातल्या वरच्यांना चालायचं नाही. म्हणून रात्र रात्र जागून करवत चालवायचे. दिवसा डोळा लागला तर लोकांनी नाव ठेवलं. कष्टाला झोप म्हणाले! आणि तेच नाव मी..."

मागून हसू आलं. खोसियत आपा कुंचला मांडीवर ठेवून हसत होती. एक डोळा अधू असल्यामुळे ती हसली की पाणी त्याच डोळ्यातून यायचं.

"काय झालं, आपा?"

"रात्री करवत चालवायचे? वडील?" तिने ओढणीने डोळा टिपला. "करवत आई चालवायची रे. मी दिवा धरायचे. वडील रात्रीही झोपायचे."

"आपा!"

"काय आपा? तू पाळण्यात होतास, मी तिथे होते. तुझे वडील झोपाळू होते, बाळा. नमाजाला बसले की झोपायचे, गाढवावर बसले की झोपायचे. स्वतःच्या लग्नात पुलाव वाढेपर्यंत दोनदा झोपले, आईनेच सांगितलंय. चांगला माणूस. झोपेत तर फारच चांगला."

हमदम तोंडावर हात ठेवून खोकला. तुर्गुनने संधी साधून सामोसा परत उचलला.

"मग पाळणे?" कोबिल अकाने विचारलं. त्याचा आवाज लहान झाला होता.

"सांगते. बेतायचे वडील. हात सोन्याचा, त्यात शंका नाही. पण कापायची, तासायची आई. पाळणा तयार झाला की वडील बाजारात घेऊन जायचे, जमिनीवर बसायचे, पायाने रिकामा पाळणा हलवत राहायचे. तो बरोबर झुलला, आवाज न करता, तर त्यांचाच डोळा लागायचा. भर बाजारात, बसल्या बसल्या. बायका गोळा व्हायच्या. म्हणायच्या, रिकामा पाळणा हलवून हा बाप्या झोपला, तर आमचं लेकरू का नाही झोपणार? आणि पाळणा विकला जायचा. एखाद्या दिवशी झोप नाही लागली तर पाळणा परत घरी. आई डोक्याला हात लावायची आणि पुन्हा रंधा मारायची."

"हे तुम्ही मला कधीच सांगितलं नाहीत."

"तू कधी विचारलंस? वडिलांच्या वतीने इतका छान भांडत होतास, मला मोडवेना." ती जरा थांबली. "आणि त्यांना ते नाव आवडायचं, कोबिल. उयकुची म्हटलं की हसून वळायचे. निझोमिद्दीन अशी हाक आली की त्यांना वाटायचं, कुणीतरी सरकारी माणूस आला."

कोबिल अका वर्कशॉपमध्ये गेला आणि त्याने दार ओढून घेतलं.

आत तुतीच्या भुशाचा वास होता. तो वडिलांच्या जुन्या बाकावर बसला. शाळेत पहिल्या दिवशी मास्तरांनी हजेरी घेतली, त्याचं नाव आलं आणि मागच्या बाकावरून कुणीतरी घोरलं. मग दहा वर्षं घोरणं. लग्न ठरताना मुलीच्या बापाने विचारलेलं: पोरगा सकाळी उठतो ना? त्या दिवसापासून कोबिल चारला उठत आला. चाळीसहून जास्त वर्षं त्याने दिवसा डोळा मिटला नव्हता, आजारपणातही नाही, आणि आता कळत होतं की ज्या कष्टाळू माणसाच्या अब्रूसाठी हे सगळं, तो माणूस आरामात झोपत होता. आणि करवत चालवणारीचं नाव दारावर नव्हतंच.

दार किरकिरलं. हमदम आत आला आणि समोरच्या लाकडाच्या ओंडक्यावर बसला.

"कार्डं फेकून देतो," तो म्हणाला.

"मागची बाजू कोरी आहे. मापं लिहायला ठेव."

हमदम ओंडक्यावर जरा पुढे सरकला.

"अका, तुम्हाला कोकंदची ती बाई आठवते? लाल कोटवाली. इथे येऊन विचारत होती, उयकुची उस्ताचं घर कुठलं?"

कोबिल अकाला आठवत होती. वीस वर्षं झाली असतील. "मी म्हणालो, या नावाचं इथे कुणी राहत नाही."

"हो. मग ती बाजारात आली. माझ्याकडून दोन पाळणे घेऊन गेली. जुळे नातू होते तिला."

कोबिलने मान वर केली.

"ती एकटी नाही. तुम्ही या दारातून जेवढे परत पाठवलेत ना, तेवढे सगळे माझ्याकडे आले. तीस वर्षं लोक मला विचारतात, तू उयकुचीचा का? मी म्हणतो, हो, धाकटा. तुमचे पाळणे कुठल्या नावावर खपतात असं वाटत होतं तुम्हाला?"

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुमच्यासमोर तो शब्द उच्चारायची माझी छाती कुठली?" हमदमने भुशात बोट फिरवलं. "म्हणून तर सोन्याचा पाळणा शोधत होतो. खरं नाव माझ्या जिभेवर होतं."

कोबिल अकाच्या नाकातून एक आवाज आला. हमदम घाबरून बघू लागला. मग त्याच्या लक्षात आलं की अका हसतोय.

"मी किती जणांना परत पाठवलं असेल रे?"

"मोजू नका, अका. सगळे पोचले."

ते बाहेर आले तेव्हा पाऊण वाजून गेला होता. आपाने लाल रंग घोटून ठेवला होता. कुणी काही म्हणायची वाट ती बघत नव्हती. कोबिल अका थेट गाडीवाल्याकडे गेला.

"तुर्गुन, तुला लिहिता येतं ना? हा पुठ्ठा घे. तू शोधत आलास ते नाव लिही."

तुर्गुनने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. परीक्षेला बसवल्यासारखी पेन्सिल धरली आणि न अडखळता सात अक्षरं लिहिली. अकाने पुठ्ठा सुनेपुढे धरला. "बरोबर आहे?"

"एकही चूक नाही, ओताजान."

"खुणा गळून याचं भलतंच काही होत नाही ना? गोठा वगैरे?"

"नाही. कसंही लिहिलं तरी झोपाळूच राहतो."

"मग टाक." त्याने चष्मा लावला, पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. "थांब, मी वाचतो, तू टाइप कर." आणि ज्या माणसाने तो शब्द जन्मात तोंडातून काढला नव्हता त्याने तो अंगणात उभं राहून एकेक अक्षर करून वाचला. ओयगुलची बोटं प्रत्येक अक्षराला थांबत होती, अका पुढचं म्हणेपर्यंत. शेवटचं अक्षर झालं. तिने फोन त्याच्यापुढे केला. "इथे दाबायचं, ओताजान."

त्याने अंगठा विजारीला पुसला आणि दाबला. मग म्हणाला, "आणि आत, पहिल्या पानावर, आईचं नाव लिही. तोजिखोन. करवत तिची होती म्हणून." त्याने बहिणीकडे पाहिलं नाही, पण पुढचं वाक्य तिलाच होतं. "आणि रंग कुणाचे, तेही."

"स्पेलिंग नीट लिही गं," आपा म्हणाली. "माझ्या पासपोर्टवर जन्मसालसुद्धा चुकलंय."

तिने कुंचला बुडवला. इल्होमने पाळणा तिरपा धरला, मुकद्दसने श्वास धरला. लाल अक्षरं कोऱ्या जागेत एकेक करून बसत गेली, आणि अका वरून वाकून सांगत राहिला: जरा डावीकडे, शेपूट लांब कर, अगं आणखी. शेवटी आपाने कुंचल्याच्या मागच्या टोकाने त्याच्या हातावर टोचलं तेव्हा तो मागे सरला. रंग सुकेपर्यंत तुर्गुनला चार सामोसे मिळाले. गाडी अडीचला निघाली. गाद्यांच्या ढिगात आपा बसली होती आणि पाळण्याला कुणी हात लावू नये म्हणून सगळ्यांना डोळे वटारत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओयगुलचा फोन वाजला. ताश्कंदहून दिलरबोच्या सासूबाई. बोलणं अगदी राजधानीचं, साखरेत घोळलेलं. मागे बायकांचा गलका आणि एका तान्ह्या बाळाचं रडणं.

"कोबिल अका आहेत का? त्यांच्याशीच बोलायचंय."

ओयगुल धावत वर्कशॉपमध्ये गेली. इल्होमने कातणं थांबवलं. कोबिल अकाने फोन कानाला लावला, सलाम झाला, तब्येती विचारून झाल्या, पाळण्याचं कौतुक झालं.

"अका, एक विचारू का?" सासूबाई म्हणाल्या. "पाळण्यावर झोपाळू असं लिहिलंय. आमच्याकडच्या बायका फोटो काढतायत आणि विचारतायत. हे बाळाला उद्देशून आहे का?"

मागचं रडणं कमी होत चाललं होतं. लाकूड जमिनीवर हलकेच डुलत असल्याचा आवाज फोनमधून येत होता, किंवा अकाला तसं वाटलं.

"नाही हो, बाईसाहेब," कोबिल अका म्हणाला. "ते आमचं नाव आहे."

"अय्या! आणि इंटरनेटवर शोधायचं असेल तर? कसं लिहायचं?"

"जसं ऐकलंत तसं," तो म्हणाला.